सहा अनोळखी माणसं आणि तुझी पहिली केस

या वेळचं पत्र न्यू जर्सीतल्या एका तरुण वकील मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

"मावशी, दहावीनंतर मी आईबाबांबरोबर कराडहून इकडे आले. कायद्याचं शिक्षण इथेच झालं. चार वकिलांच्या एका छोट्या फर्ममध्ये काम करते. पुढच्या महिन्यात न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात माझी पहिली ज्युरी ट्रायल, म्हणजे सामान्य नागरिकांपुढे चालणारा खटला, आहे. माझी अशील ५८ वर्षांची, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची सेवाशुश्रूषा करणारी बाई. पहाटे कामावर निघालेली असताना एका दुकानसंकुलाच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. बर्फ रात्री सव्वाच्या सुमारास पडायचा थांबला होता, ही पडली ६:४० ला आणि बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारा कंत्राटदार आला ८ नंतर. केस सीनियरच लढवणार होते, पण त्यांची तब्येत बिघडली आणि ती माझ्याकडे आली. ऑफिसात सराव केला तेव्हा सगळे म्हणाले, 'मुद्दे बरोबर आहेत, पण ऐकावंसं वाटत नाही.' माझे उच्चार अजून मराठी वळणाचे आहेत. मैत्रीण म्हणते हातवारे शीक, डोळ्यांत डोळे घालून बोल. साताऱ्याला आयुष्यभर वकिली केलेले आजोबा फोनवर म्हणतात, 'ज्युरी म्हणजे भावनेचा बाजार, नानावटी आठव.' ज्युरीच्या मनाला हात कसा घालायचा, सांगाल का?"

प्रिय मुली,

मावशी म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

'ऐकावंसं वाटत नाही' हा शेरा तुला लागला आहे, आणि तो हातवाऱ्यांनी दुरुस्त होईल असं तुला वाटतंय. माझं मत वेगळं आहे. तू मुद्दे तुझ्या फाइलच्या क्रमाने मांडत असणार. ऐकणाऱ्याला त्यातून काय ठरवायचं आहे हे त्याला कळत नाही, म्हणून त्याचं लक्ष उडतं. त्या खोलीत बसलेल्या माणसांना तुझ्याकडून करमणूक नको असते. त्यांना भीती असते ती चुकीचा निर्णय देण्याची. दुसऱ्याच्या आयुष्याचा निवाडा करायला त्यांना कामधंदा सोडून बोलावलेलं असतं, कायदा त्यांनी शिकलेला नसतो आणि दोन्ही बाजूंचे वकील आपल्याला ओढू पाहताहेत हे पहिल्या तासातच त्यांच्या लक्षात येतं. अशा वेळी जो वकील त्यांचं काम सोपं करून देतो, त्याच्यावर ते विश्वास टाकतात. मनाला हात घालायची वाट तीच आहे.

आजोबांच्या दाखल्याबद्दल आधी लिहिते, कारण घरच्या वकिलाचा शब्द मनात खोल जाऊन बसतो. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मताने नौदलातल्या कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वर्तमानपत्रांनी उठवलेलं वादळ सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण उच्च न्यायालयाने बोट ठेवलं होतं ते ज्युरीला कायदा समजावून सांगताना झालेल्या चुकांवर. गोळी झटापटीत अपघाताने सुटली असा बचाव घेतला, तर तो दाखवून देण्याची जबाबदारी कोणाची, हेच त्या नऊ जणांना नीट सांगितलं गेलं नव्हतं. आजोबांना हा भाग आठवत असेल, विचार त्यांना. मला त्यातून तुझ्यासाठी उपयोगाचं दिसतं ते हे : ज्युरीपुढे नेमका प्रश्न काय आहे हे तिला कळलं नाही, तर ती हाताशी असेल त्या गोष्टीवर, म्हणजे सहानुभूतीवर किंवा रागावर, निर्णय देते.

म्हणून तयारी शेवटाकडून सुरू कर. भाषण लिहू नकोस. आधी व्हर्डिक्ट शीट काढ, म्हणजे ज्युरी आतल्या खोलीत घेऊन बसेल तो प्रश्नांचा कागद. तुझ्या केसमध्ये तो साधारण असा असेल : प्रतिवादीने हयगय केली का? त्या हयगयीमुळे इजा झाली का? वादीचीही हयगय होती का? असल्यास इजेला ती कारण ठरली का? दोघांच्या दोषाची टक्केवारी किती? आणि भरपाई किती? त्याच्या शेजारी न्यायाधीश ज्युरीला वाचून दाखवणार तो कायदा ठेव. न्यू जर्सीत त्याचे नमुने छापील मिळतात, तुला माहीतच आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली तुझा पुरावा लिही : कोणता साक्षीदार, कोणता कागद, कोणता फोटो. ज्या प्रश्नाखाली जागा रिकामी राहते तिथे तुझी केस कच्ची आहे. तुझ्या फाइलमधला जो कागद कोणत्याच प्रश्नाखाली बसत नाही, तो ट्रायलमध्ये आणूच नकोस, मग तो मिळवायला कितीही घाम गाळलेला असो. नव्या वकिलांना हे फार जड जातं. डिपॉझिशनची, म्हणजे खटल्याआधी शपथेवर घेतलेल्या जबान्यांची, तीनशे पानं वाचलेली असतात, ती सगळी कुणाला तरी दाखवाविशी वाटतात.

हे केलंस की एक गोष्ट तुझी तुलाच दिसेल. तुझी केस खुब्याच्या हाडाची कमी आणि घड्याळाची जास्त आहे. २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिमवादळ चालू असताना व्यापारी मालमत्तेच्या मालकावर बर्फ हटवण्याचं कर्तव्य येत नाही. दोन अपवाद सोडले तर ते कर्तव्य वादळ संपल्यावर, वाजवी वेळेनंतर सुरू होतं. प्रतिवादीचा वकील याच भिंतीआड उभा राहणार. म्हणजे सव्वा ते ६:४० या साडेपाच तासांत त्या पार्किंगमध्ये काय झालं आणि काय झालं नाही, ही तुझी गोष्ट. हवामान खात्याच्या प्रमाणित नोंदी, कंत्राटदाराशी झालेला करार, त्याला केलेले फोन आणि मेसेज, त्या रात्रीचं मिठाचं बिल, दुकानं किती वाजता उघडतात, सकाळी पहिली गाडी कोणाची आली. पार्किंगमधले दिवे त्या वेळी चालू होते का, हेही बघ. आणि तू स्वतः तिथे जा. पहाटे, त्याच वेळेला, शक्य असेल तर थंडीत. पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, उतार कुणीकडे आहे हे डोळ्यांनी पाहिलेला वकील कोर्टात वेगळं बोलतो. त्याला नाटक करावं लागत नाही, कारण ती जागा त्याला आठवत असते.

मग संपूर्ण केस एका वाक्यात सांगता येते का बघ. उदाहरणार्थ : 'रात्री सव्वाला बर्फ थांबला, पहाटे माणसं येणार हे मालकाला ठाऊक होतं, आणि पावणेसातपर्यंत तिथे मिठाचा एक दाणा पडला नव्हता.' वाक्य तुझं तू घडव. पण ते असं हवं, की ज्युरर घरी गेल्यावर केसबद्दल कोणाशी बोलायची बंदी असताना मनातल्या मनात त्याला ते तसंच्या तसं आठवेल. सुरुवातीच्या निवेदनात युक्तिवाद करता येत नाही, पुरावा काय दाखवेल एवढंच सांगता येतं. या नियमाने तुझी अडचण होत नाही, उलट मदतच होते. ती पहाट क्रमाने, वेळेसकट सांग. 'निष्काळजी', 'बेफिकीर' ही विशेषणं तू वापरू नकोस, ती त्यांना सुचू देत. माणूस स्वतः काढलेल्या निष्कर्षाला धरून राहतो आणि बंद खोलीत दुसऱ्यांशी त्यासाठी भांडतो. दुसऱ्याने हातात दिलेला निष्कर्ष पहिल्या विरोधाबरोबर सोडून देतो.

दुबळ्या बाजू तू स्वतः आधी सांग. तुझ्या पत्रात एक ओळ होती (वर थोडक्यात देताना ती गाळली), पटकन लिहून पुढे गेलीस : ती पडली तेव्हा हातात फोन होता. ही गोष्ट ज्युरीला प्रतिवादीच्या वकिलाकडून कळली, तर लपवाछपवी झाली असं वाटेल आणि तिथून पुढे तुझ्या प्रत्येक शब्दावर शंका येईल. सुरुवातीलाच शांतपणे सांग : हातात फोन होता, बसची वेळ पाहत होती, पायात हे बूट होते. न्यू जर्सीत वादीचा दोष प्रतिवादीच्या दोषापेक्षा जास्त ठरला तर तिला काहीच मिळत नाही, तेवढाच किंवा कमी ठरला तर तिच्या दोषाच्या टक्क्यांनी रक्कम घटते. ज्युरी तिला थोडा दोष देईल अशी तयारी ठेव. 'तिचा काहीच दोष नाही' असं ताणून धरणाऱ्या वकिलापेक्षा 'तिचा दोष असलाच तर किती, हे तुम्ही ठरवा, पण त्याच तागडीत त्या साडेपाच तासांचंही वजन करा' असं म्हणणाऱ्यावर माझा तरी जास्त विश्वास बसेल.

आता एक सावधगिरी, आपल्या लोकांसाठी मुद्दाम. आपण बोलता बोलता 'तुमच्या आईवर अशी वेळ आली असती तर?' असं सहज म्हणून जातो. इथे ज्युरीपुढे असं म्हटलंस की समोरचा वकील उठलाच म्हणून समज. ज्युररने स्वतःला पक्षकाराच्या जागी ठेवून विचार करावा असं सुचवायला मनाई आहे. नियमाचा गाभा मला पटतो. पीडिताच्या जागी बसलेला माणूस न्यायनिवाडा करू शकत नाही. तसंच 'मला खात्री आहे की ती खरं बोलते आहे' हेही चालत नाही. वकिलाने साक्षीदाराच्या खरेपणाची स्वतःची ग्वाही देता कामा नये. मालकाचा विमा आहे, पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत, हे सुचवण्याच्या मोहातही पडू नकोस. यातल्या कशानेही केस कोलमडू शकते, पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागू शकते, आणि तोवर तुझी अशील आणखी म्हातारी होते.

मग तिची वेदना त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी? तपशिलातून. हा भाग मी तुझ्या जागी असते तर सर्वांत जास्त वेळ दिला असता. 'तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं' या वाक्याने काही पोचत नाही. ही बाई इतकी वर्षं दुसऱ्यांना पलंगावरून उठवत होती, अंघोळ घालत होती, जिन्यावर त्यांचा हात धरत होती. आज तिला स्वतःला अंघोळीला कोणाचा तरी हात धरावा लागतो. हे तू बोलू नकोस. तिच्या मुलीला किंवा शेजारणीला साक्षीला बोलव. पूर्वी ती रविवारी काय करायची, आता काय करते, एवढंच विचार आणि गप्प राहा. डॉक्टर हाडाबद्दल सांगतील, रोजच्या जगण्याबद्दल घरचं माणूसच सांगू शकतं.

तिच्या घरी जाऊन बस. ऑफिसात बोलावून घेतलेली माहिती वेगळी आणि तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना कळलेली वेगळी. साक्षीची तयारी करताना उत्तरं पाठ करून घेऊ नकोस, पाठांतर सगळ्यांना ऐकू येतं. तिला तीन गोष्टी सांग : प्रश्न पुरा ऐक, विचारलंय तेवढंच सांग, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. दुभाषी लागणार असेल तर तुझे प्रश्न छोटे ठेव, आणि बोलताना दुभाष्याकडे न बघता तिच्याकडे बघ.

वेदनेच्या भरपाईत तू एकूण आकडा मागू शकत नाहीस. न्यू जर्सीत वेळेच्या हिशोबाने, म्हणजे दिवसाला, तासाला अशा रीतीने विचार करा एवढं सुचवता येतं. नियमाची भाषा पाठ असू दे आणि हे करणार असल्याचं न्यायाधीशांच्या कानावर आधी घाल.

ज्युरीनिवडीबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, आणि मला वाटतं सर्वांत मोठी संधी तिथेच आहे. न्यू जर्सीत बहुतेक प्रश्न न्यायाधीश विचारतात, पण वकिलांना आपले प्रश्न सुचवता येतात. त्यातले काही हो-नाहीत न संपणारे असावेत. 'तुम्ही निःपक्ष राहाल का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्यातून काही कळत नाही. 'बर्फावरून पडून कोर्टात येणाऱ्या लोकांबद्दल तुमचं काय मत आहे?' असं विचारलं तर कोणीतरी म्हणतं, 'आजकाल जो तो पैशासाठी दावा लावतो.' तो माणूस तुझा शत्रू नव्हे. त्याने खरं सांगितलं आणि तुझं काम सोपं केलं. त्याच्याशी वाद घालू नकोस, चेहरा पाडू नकोस. तू त्याचं कसं ऐकतेस हे बाकीचे बघत असतात, आणि तुझ्याबद्दलचं त्यांचं पहिलं मत त्या मिनिटात होतं. कारण न देता ज्युरर वगळण्याचा हक्क दोन्ही बाजूंना असतो, पण वंश किंवा लिंग पाहून तो वापरता येत नाही. वंशाबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये फौजदारी खटल्यांत हे सांगितलं आणि १९९१ मध्ये दिवाणीतही लागू केलं. ज्युररची समाजमाध्यमांवरची सर्वांसाठी खुली पानं पाहता येतात, पण मैत्रीची विनंती पाठवणं म्हणजे त्याच्याशी संपर्क साधणं. ऑफिसातल्या उत्साही मुलांना हे बजावून ठेव.

तुझ्या उच्चारांबद्दल. तुझं कोर्ट ज्या काउंटीत येतं त्या मिडलसेक्सच्या ज्युरीत गुजराती, तेलुगू, स्पॅनिश, चिनी, पोलिश घरांतली माणसं बसतात. तुझे उच्चार त्यांना रोज ऐकू येतात तसलेच असतील. अमेरिकन ढब उसनी आणलीस तर पहिल्या हरकतीला गोंधळून ती गळून पडेल आणि सगळ्यांच्या लक्षात येईल. त्यापेक्षा वेग कमी कर. घाबरलं की आपण भराभर बोलतो, मराठीतही. नावं, वेळा आणि आकडे सावकाश सांग आणि सव्वा, ६:४०, ८ या तीन वेळा मोठ्या अक्षरात फलकावर दिसत राहू देत. वाचून बोलू नकोस. हातात एकच कागद ठेव, त्यावर फक्त शब्द, वाक्यं नकोत.

उलटतपासणीत मालमत्तेच्या मॅनेजरवर ओरडायचं नाही. तो बहुधा साधा नोकरदार असेल, आणि ज्युरीतले निम्मे लोकही कोणाच्या तरी हाताखाली नोकरी करतात. एका प्रश्नात एकच गोष्ट विचार आणि प्रश्न असा, की उत्तर फक्त 'हो' येईल. त्या संकुलातलं बेकरीचं दुकान सहाला उघडतं, बरोबर? ते तुम्हाला माहीत होतं? सव्वानंतर तुम्ही कंत्राटदाराला फोन केला नाही? 'का केला नाही?' हे मात्र विचारू नकोस. तो प्रश्न ज्युरीच्या मनात आपोआप उठतो आणि तिथे तो जास्त काम करतो.

सरावाबद्दल एवढंच, की वकिलांसमोर सराव पुरे. ओळखीपाळखीतून, पण केसशी संबंध नसलेली सहा-सात माणसं जमव : शिक्षिका, ट्रकचालक, फार्मासिस्ट, निवृत्त गृहस्थ. त्यांना थोडे पैसे दे आणि गुप्ततेच्या कागदावर सह्या घे. दोन्ही बाजू मांडायच्या, आणि तू कोणत्या बाजूची हे त्यांना सांगायचं नाही. मग व्हर्डिक्ट शीट देऊन त्यांना आपसात बोलू दे आणि तू कोपऱ्यात बसून फक्त लिहून घे. एक शब्दही बोलू नकोस, कितीही तोंडावर आलं तरी. ते कशावर अडतात, कोणता कागद मागतात, तुझ्या अशिलाबद्दल काय गैरसमज करून घेतात, ते सगळं तिथे उघडं पडतं. न्यू जर्सीत हे विशेष गरजेचं आहे. इथे निकालानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय वकिलाला ज्युररशी बोलता येत नाही, त्यामुळे आपलं कुठे चुकलं हे नंतर विचारायची सोय नाही.

लोकमान्यांचा १९०८ चा खटला आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितला जातो, सांगितला जावाही. ज्युरीत ७ युरोपीय आणि २ पारशी होते. टिळक स्वतः उभे राहिले आणि काही दिवस मिळून २१ तासांहून जास्त बोलले. ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले. ते बोलणं त्या नऊ जणांपलीकडच्या देशासाठी होतं आणि देशाने ते ऐकलं. पहिल्या ट्रायलला उभं राहणाऱ्या प्रत्येक वकिलाला आपलंही भाषण कोणाच्या तरी लक्षात राहावं असं वाटतं. तुझ्या पत्रात मला ती इच्छा दिसली आणि ती वाईट नाही. पण तुला मत पाहिजे आहे ते ज्युरीच्या पेटीत बसलेल्यांचं. दिवाणी दाव्यात सहापैकी पाच जणांचं एकमत लागतं. समारोपाला तुला वेळ जास्त मिळाला तरी तो सगळा वापरू नकोस. व्हर्डिक्ट शीट त्यांच्यासमोर धर, एकेक प्रश्न घे, त्या प्रश्नावर कोणी काय सांगितलं हे आठवून दे आणि बस.

शेवटची गोष्ट तडजोडीची. ट्रायलच्या सकाळी, कदाचित ज्युरी निवडून झाल्यावर, समोरचा वकील तुला कोर्टाच्या बोळात गाठून एक रक्कम सांगेल. तू एवढी तयारी केलेली असशील, ट्रायल करायला हात शिवशिवत असतील. तो आकडा घ्यायचा की नाही हे तुझ्या अशिलाने ठरवायचं आहे. तिला बाजूला बसव, लागत असेल तर दुभाष्याला बोलाव, रकमेतून फी, खर्च आणि दवाखान्याची देणी वजा जाता हातात किती येईल ते कागदावर मांडून दाखव, हरलो तर काय हेही सांग. तिला मुलीशी बोलायचं असेल तर न्यायाधीशांकडे दहा मिनिटं माग. ती जे म्हणेल ते लिहून घेऊन तिची सही घे, मग आत जा.

तुझी मावशी